दोघांचा माल

३ फेब्रुवारी

बाबा,

तीर्थरूप वगैरे काही लिहीत नाही. भांडायला बसलेय आणि वर साष्टांग नमस्कार, हे मला जमायचं नाही. नमस्कार मनात केलाय, तो पोचला असं समजा.

फोन तुम्ही घेत नाही. वहिनीने तुमच्या कानाला लावला तर तसाच तिच्या हातात परत देता, हे मला इकडे बसून कळतं. म्हणून पत्र. पत्र फाडता येतं, पण तुम्ही वाणसामानाच्या पुडीचा कागदसुद्धा हाताने सरळ करून ठेवणारा माणूस, त्यामुळे त्या बाबतीत मी निर्धास्त आहे. वहिनीला मात्र हे वाचायला देऊ नका. हे आपल्या दोघांचं भांडण आहे.

मी वरचं ऑफिस सोडून खाली गोदामात उतरले, तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंय. "मी जन्मभर पोती वाहिली ती तू खोकी वाहावीस म्हणून नाही," एवढं म्हणालात आणि भिंतीकडे तोंड केलंत. मला उत्तर द्यायला जागाच ठेवली नाहीत. आता ऐका.

मला कुणी खाली ढकललं नाही. मी अर्ज करून, हट्ट करून, साहेबाच्या मागे लागून खाली उतरले. आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत. तिथून खालचं सगळं दिसतं आणि काहीच कळत नाही. मी अमुक रॅकवर अमुक माल असं टाइप करत होते, पण तो माल जड की हलका, लांब की आखूड, हे मला ठाऊक नव्हतं. मग एकदा सणासुदीसारखी गर्दी उसळली, ट्रकमागे ट्रक लागले आणि आम्हाला सगळ्यांना हात लावायला खाली बोलावलं. बाकीचे दुपारपर्यंत कंबर धरून बसले. मी संध्याकाळी घरी आले ती भुकेने कासावीस झालेली आणि खूश. इतकी खूश मी त्या खुर्चीत कधी झाले नव्हते. हे तुम्हाला पटणार नाही, पण खरं आहे.

आणि तुमच्या डोक्यात जे पोत्याचं चित्र आहे ते आधी काढून टाका. पाठीवर काही घ्यायचं नसतं. ट्रक मागे येऊन ओट्याला लागतो. माल उतरवायचा, लाकडी पॅलेटवर रचायचा, जड खाली, हलका वर, कोपऱ्याला कोपरा. मग प्लॅस्टिकचा कागद घेऊन त्याच्याभोवती उलट्या पावलांनी फिरत तो घट्ट गुंडाळायचा. नव्या माणसाला यात घेरी येते. मला पहिल्या दिवशी आली आणि मी सरळ शेजारच्या खोक्यांना मिठी मारली. लोक अजून हसतात. नंतर ट्रॉलीने पॅलेट न्यायची, रॅकवर चढवायची, त्यावरचा बारकोड स्कॅन करायचा. संपलं.

एक रीत मात्र तुम्हाला मुद्दाम सांगते. काही खोक्यांवर दोन माणसांचं चित्र असतं, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, मधे खोकं. त्याला आम्ही दोघांचा माल म्हणतो. तो एकट्याने उचलायचा नाही. असं खोकं आलं की त्याच्यावर एक पंजा ठेवायचा, दुसरा हात सरळ वर करायचा आणि गप्प उभं राहायचं. हाका मारून उपयोग नसतो, माल वाहणाऱ्या पट्ट्यांची घरघर आणि फोर्कलिफ्टचे भोंगे यात स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. ज्याला वर केलेला हात दिसेल त्याने हातातलं काम टाकून यायचं. तोंडाने काही बोलायचं नाही. नजरेला नजर, मान खाली, उचल. कुणी थँक्यू म्हटलं तर तो नवखा आहे हे लगेच कळतं.

तुमच्या बाजारात कुणी असा हात वर केला असता तर त्याचं नाव कायमचं 'बाई' पडलं असतं. मी आधीच बाई आहे, त्यामुळे मला ती काळजी नाही.

तुमची धाकटी


२४ फेब्रुवारी

बाबा,

अक्षर वाकडं आलंय, त्याकडे लक्ष देऊ नका. पेन नवीन आहे.

पहिल्या पत्राला उत्तर येईल अशी मी आशा धरली नव्हती. पण तुम्ही ते गॅलरीत नेऊन, सगळ्यांकडे पाठ करून वाचलंत आणि नंतर जेवताना काही बोलला नाहीत, असं वहिनी सांगत होती. मला तेवढं पुरे आहे. पाठ करायची तर करा, वाचा म्हणजे झालं.

तुम्ही न्हाणीघरात पडलात हे दादाकडून कळलं. दादा बाहेरच उभा होता, हाक मारली असतीत तर आत आला असता. तुम्ही हाक मारली नाहीत. नळ धरून, भिंत धरून, बादली उलटी करून त्यावर टेकत टेकत एकटे उठलात आणि बाहेर येऊन वर दादालाच म्हणालात, "काय बघतोस?" दादा रडवेला झाला होता फोनवर. एवढा मोठा माणूस. तुमच्या अंगाला हात लावायला गेलं की तुम्ही तो झटकता, तेव्हा त्याला काय वाटत असेल, याचा जरा विचार करा. मी असते तर तुमच्याशी जोरात भांडले असते. तो बिचारा मूग गिळून बसतो.

इकडे आमचा मुकादम बदलला. नवा आलाय त्याला आम्ही घाईसाहेब म्हणतो. माणूस वाईट नाही, पण त्याच्या अंगात कुणीतरी घड्याळ बसवलंय. चहाचा कप हातात घेऊन तो ओट्यावरून पळत असतो, अर्धा चहा शर्टावर. त्याला वरून सांगितलंय की माल वेगाने हलला पाहिजे. त्याने आल्या आल्या पाहिलं की एकाने हात वर केला की दुसऱ्याचं काम थांबतं. झालं. "हे हात वर करून उभं राहायचं बंद करा. तुम्ही काय शाळेत आहात का? अंगात जोर आहे म्हणून ठेवलंय ना तुम्हाला? एकेकट्याने उचला." असं सगळ्यांना उभं करून सांगितलं.

आमच्यात एक धिप्पाड गडी आहे, दारातून आडवा होऊन येतो, म्हणून त्याला आम्ही बारीक म्हणतो. त्याने लगेच एक खोकं एकट्याने उचलून दाखवलं. घाईसाहेबाने टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या ओळखीच्या वाटल्या, बाबा. लहानपणी मी तुम्हाला डबा घेऊन यायचे तेव्हा बाजारात ऐकायचे तशाच.

बाकी मी मजेत आहे. सध्या थोडी रजा आहे, अशीच. पेन बदलते आणि मग पुन्हा लिहिते.

तुमची धाकटी


१० मार्च

बाबा,

दादाच्या पोटात काही राहत नाही. त्याने तुम्हाला सांगितलं, ते खरं आहे. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं चेंगरली. हाडं जुळतायत, डॉक्टर म्हणतात हात पूर्ववत होईल. मागचं पत्र डाव्या हाताने लिहिलं होतं आणि हेही. पेन चांगलं होतं.

तुम्हाला कळवलं नाही कारण तुम्ही "बघ, मी सांगत होतो" म्हणणार, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती. आता म्हणा हवं तर. पण आधी काय झालं ते पुरतं वाचा.

पाण्याच्या मोटारी आल्या होत्या. एकेक खोकं असं की हलवलं तर जमीनच हलेल. दोघांचा माल. मी पंजा ठेवला, हात वर केला. घाईसाहेब बारीकच्या मागेच उभा होता. बारीकने मला पाहिलं. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. आणि त्याने मान खाली घातली आणि ट्रॉली पुढे नेली. आणखी दोघंजण गेले, तेही जमिनीवर काहीतरी हरवल्यासारखे खाली बघत. मी तशीच उभी. खोकं ट्रकच्या फळीच्या कडेवर अर्धं बाहेर आलेलं होतं, कुणीतरी आधी ओढून सोडून दिलेलं. ते कलंडलं. आणि मी ते धरायला गेले.

पडणारा माल धरायचा नाही, ही आमच्याकडे पहिल्या दिवसाची शिकवण. पडला तर पडू दे, बाजूला हो. मोटार दुसरी येते, बोटं येत नाहीत. मी स्वतः नव्या पोरींना हे शिकवलंय. मग मी का धरलं? कारण मी तुमच्या घरात वाढले. पोतं जमिनीला लागलं की हमालाची अब्रू गेली, हे मी ताटावर बसून रोज ऐकलंय. डोक्याने काही ठरवायच्या आत हात पुढे गेले. हात तुमचे होते, बाबा. तुम्हाला टोचून बोलायचं म्हणून लिहीत नाही, पण हे तुम्हाला कळायला हवं.

बारीक घरी आला होता बघायला. दारातच उभा राहिला, आत यायची हिंमत होईना.

"मी बघितलं होतं तुला," म्हणाला.

"ठाऊक आहे."

"घाईसाहेब मागेच होता गं."

"मग?"

"मग काय. घातली मान खाली."

एवढं बोलून तो उभाच राहिला. मी त्याला बस म्हटलं नाही, चहाही विचारला नाही. इतका राग मला त्या खोक्याचासुद्धा आला नव्हता. खोक्याला काय कळतंय? त्याला कळत होतं.

आता घाईसाहेबाचं. तो फोनवर फार गोड बोलला. वरची खुर्ची पुन्हा माझ्यासाठी रिकामी करून ठेवलीय म्हणे. बोटं बरी झाली की वर या. खालीच राहायचं असेल तर माझी ना नाही, पण मग नव्या पद्धतीने, एकट्याने उचलायचं. नाही जमलं तर घरी बसा. म्हणजे दोन्हीकडून माझं खालचं काम जाणार. हे मी तुम्हाला स्वच्छ सांगते, कारण यात आता तुमचाही हात आहे. वहिनीमार्फत तुमचा निरोप आला. "तिला म्हणावं, वर जा."

वर्ष उलटून गेल्यावर तुमच्या तोंडून माझ्यासाठी चार शब्द निघाले. वहिनीने सांगितलं तेव्हा मी फोन ठेवून रडले, आधी आनंदाने आणि मग संतापाने. तुमचं आणि घाईसाहेबाचं एकच म्हणणं निघालं, हे मी आयुष्यात कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं.

तुमची पाठ कशी गेली ते मी पाहिलंय. डबा घेऊन मी तिथे उभी होते. ते पोतं दोघांचं होतं. मुकादम म्हणाला, "आहे का कुणात दम?" आणि तुम्ही पुढे झालात. उचललंत, पलीकडे नेऊन ठेवलंत आणि मग खाली बसलात ते सरळ कधी उभे राहिलाच नाहीत. सगळे म्हणाले, वाघ आहे वाघ. त्यातला एकही माणूस तुम्हाला बघायला घरी आला नाही. तुमची पाठ मालाने गेली असं तुम्ही समजता, म्हणून मला मालापासून लांब ठेवताय. पाठ मालाने गेली नाही, बाबा. एकट्याने उचलल्याने गेली.

मी वर जाणार नाही. एकट्याने उचलणार नाही. आणि घरीही बसणार नाही.

तुमची धाकटी


२ एप्रिल

बाबा,

आज सुट्टी आहे. उजव्या हाताने लिहितेय, सावकाश. बोटं अजून थोडी ताठ आहेत.

गेल्या आठवड्यात कामावर गेले. मुद्दाम त्याच ओट्यावर नेमणूक मागितली. मोटारींचाच ट्रक लागलेला, जणू माझीच वाट बघत होता. घाईसाहेब पळत आला.

"ताई, वर खुर्ची झाडून ठेवलीय तुमची."

"ज्याला बसायचंय त्याला द्या."

"मग इथे सगळ्यांसारखं काम करावं लागेल."

"सगळ्यांसारखंच करायचंय मला," म्हटलं आणि पहिल्या खोक्याशी गेले. पंजा ठेवला, हात वर केला.

त्याने आधी हसून घेतलं. मग खोक्यावरच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "हे नुसतं चित्र आहे हो."

मी काही बोलले नाही. आपल्याकडे तेव्हा बोलायचं नसतं.

खरं सांगते, मी घाबरले होते. हात वर धरून उभं राहणं सोपं वाटतं, एकदा धरून बघा. आधी खांदा भरून येतो, मग कोपर, मग बोटांना मुंग्या. माझ्या बोटांना तर ठणके. लोक माल नेत होते, आणत होते, मला वळसा घालून जात होते. कमरेचा स्कॅनर पुढचं काम आलं म्हणून सारखा टुकटुक करत होता. वर काचेतून माझ्या जुन्या मैत्रिणी बघत होत्या. मला वाटलं, आता कुणीच येणार नाही. ही पोटापाण्याला लागलेली माणसं आहेत, कोण कशाला माझ्यासाठी नोकरी पणाला लावेल? आणि मला तुमची आठवण आली. त्या दिवशी तुम्ही हात वर केला असतात तर कुणी आलं असतं का? तुम्ही केला नाहीत, म्हणून ते कधीच कळलं नाही. मला निदान कळणार होतं.

"किती वेळ उभ्या राहणार अशा?" घाईसाहेब ओरडला. पहिल्यांदाच तो एका जागी थांबला होता.

"दुसरा येईपर्यंत," मी म्हटलं.

मग बारीक आला. लांबून, ट्रॉली मधेच टाकून, मान खाली घालून आला. माझ्यासमोर उभा राहिल्यावर मात्र त्याने मान वर केली. नजरेला नजर. उचललं, पॅलेटवर ठेवलं. तो परत गेला आणि त्याच्या रांगेतल्या खोक्यावर पंजा ठेवून त्याने हात वर केला. हा माणूस, जो सगळं एकट्याने उचलू शकतो. त्याचा हात इतका उंच जातो की तो गोदामाच्या दुसऱ्या टोकाहूनही दिसतो. मग तिकडे एक हात वर झाला. मग पलीकडे. थोड्या वेळाने सगळीकडे हातच हात, आणि माणसं एकमेकांकडे धावतायत.

घाईसाहेब मधे उभा होता. कुणावर ओरडावं ते त्याला समजेना. शेवटी माझ्या समोरच्या खोक्यापाशी आला, कप खाली ठेवला आणि वाकला. चुकीचा वाकला, कमरेतून. मी म्हटलं, "गुडघ्यातून, साहेब." गुडघ्यातून वाकला. उचललं आम्ही.

हुकूम मागे घेतला असं कुणी म्हणालेलं नाही. फक्त आता त्याचं नाव कुणी काढत नाही. वरच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसलीय. उद्या वरून आणखी कुणी येईल आणि पुन्हा हेच सुरू होईल, हे मला ठाऊक आहे. येऊ दे. मला हात वर करता येतो.

बारीकला त्या दिवशी चहा पाजला. पण थँक्यू म्हटलं नाही.

तुमची धाकटी


१४ एप्रिल

बाबा,

काल जे झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे, तुमच्याच खोलीत झालं. पण माझ्या बाजूने ते कसं ऐकू आलं, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

वहिनीचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. तिचा आवाज इतका घाबरलेला की मी सुरी बाजूला ठेवली. "अगं, बाबांना काहीतरी झालंय. सकाळपासून पलंगाच्या कडेवर बसलेत. एक हात गादीवर आणि दुसरा हात सरळ वर. बोलत नाहीत, खाली घेत नाहीत. लकव्याचा झटका वगैरे तर नसेल?"

मी काही विचारायच्या आत तीच पुढे सांगत सुटली. आधी तिला वाटलं, पंखा लावायला सांगताय. तिने लावला. तुम्ही मान हलवली. मग वाटलं, पंखा बंद करायला सांगताय. बंद केला. पुन्हा मान हलवलीत. खिडकी उघडून झाली, वरच्या फळीवरचं ब्लँकेट काढून झालं, भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढून तुमच्या मांडीवर ठेवून झालं. हात तसाच. डॉक्टरला बोलवायला दादा चपला घालत होता. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "अहो बाबा, किती वेळ बसणार असे?"

"आणि मग काय म्हणाले माहितीय?" वहिनी म्हणाली. "म्हणे, दुसरा येईपर्यंत. दुसरा कोण गं? कोण यायचंय आपल्याकडे?"

ती 'हॅलो, हॅलो' करत राहिली. मी स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभी होते आणि तिला वाटलं फोन कट झाला.

मग सांगितलं तिला. झटका नाही, डॉक्टर नको, दादाला चपला काढायला सांग. त्यांच्या दुसऱ्या बाजूला जा. काही विचारू नकोस, काही बोलू नकोस. त्यांच्या डोळ्यांत बघ, काखेखाली हात घाल, गुडघ्यातून वाक आणि त्यांच्याबरोबर उठ.

फोन तिने पलंगावर तसाच ठेवला. मला चादरीची खसखस ऐकू आली, तुमचा श्वास ऐकू आला, आणि मग तुमच्या स्लीपरचा आवाज, न्हाणीघराकडे जाणारा, आणि शेजारी वहिनीच्या पैंजणांचा. दोन्ही आवाज एका चालीने जात होते. दादा कुठेतरी मागे रडत होता. त्याला कशानेही रडू येतं, पण काल मी त्याला हसले नाही.

परत आल्यावर वहिनीने फोन उचलला आणि म्हणाली, "झालं. बसवलं. मी 'बरं वाटलं ना' विचारलं तर माझ्यावर डोळे वटारले." बरोबर केलंत. नंतर काही विचारायचं नसतं, हे तिला मी सांगायला विसरले होते.

माझ्या कामाबद्दल तुम्ही अजूनही एक शब्द बोललेला नाही. बोलू नका. मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे आणि तुम्हीही माझ्यावर चिडलेले असाल, ते आपण समोरासमोर बसून निस्तरू. रविवारी पहिल्या गाडीने येतेय. वहिनीला त्या दिवशी हात लावू देऊ नका.

मी दारात आले की तुम्ही हात वर करा.

तुमची धाकटी